मुंबई–न्यूयॉर्क: थेट, दुबईमार्गे की लंडनमार्गे?

आईबाबांना न्यू जर्सीला बोलवायचं ठरलं की पहिला वाद तिकिटावरून होतो. "दुबईवरून कशाला, केवढा वळसा!" असं कुणीतरी म्हणतंच. खरं तर वळसा फारसा नाही. मुंबई ते न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ हे अंतर सर्वांत जवळच्या वाटेने साधारण १२,५४० किमी. लंडनमार्गे बेरीज १२,७५० च्या आसपास, दुबईमार्गे १२,९५०. भिंतीवरचा नकाशा बघून हे पटत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरा, तो युरोपच्या पार उत्तरेकडून जातो आणि लंडन त्यापासून फार लांब राहत नाही. जास्तीचं अंतर जेमतेम अर्ध्या तासाचं. बाकी वेळ खातो तो मधला मुक्काम.

थेट विमानाला जाताना १६ तासांच्या आसपास लागतात. येताना १४ ते १५, कारण वरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि विमानाला मागून ढकलतात. रात्री १ वाजता निघालात तर त्याच तारखेला सकाळी पोचता: तिथल्या उन्हाळ्यात साडेसातला, हिवाळ्यात साडेसहाला.

दुबईमार्गे आधी तीन तास, मग सलग चौदा. गुडघे दुखतात म्हणून "मध्ये उतरायला मिळेल" या आशेने हे तिकीट काढणाऱ्यांचं मला नवल वाटतं. लांबची बैठक जवळजवळ तेवढीच राहते, वर विमान बदलायची दगदग. पाय मोकळे करायचेच असतील तर लंडन बरं: साडेनऊ-दहा तास, मग आठ. प्रवास जवळपास मधोमध तुटतो. दुबईचा फायदा म्हणजे दिवसभरात पुष्कळ विमानं, आणि बऱ्याचदा भाडंही कमी.

अबू धाबीची गंमत वेगळी. अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच उरकतं, न्यूयॉर्कला उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं बाहेर पडता येतं. पण त्या रांगेसाठी मध्ये तीन-साडेतीन तास तरी हवेत. दीड तासाचं जोडविमान स्वस्त दिसलं तरी घेऊ नका.

एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा खरा फटका दिल्लीहून निघणाऱ्या विमानांना बसला. मुंबईकरांना समुद्रावरून निघायची सोय आहे. म्हणून आधी दिल्ली गाठून पुढचं थेट विमान पकडायचा बेत पुणे-नाशिककरांनी तरी सोडलेला बरा.

इंग्रजीची अडचण असेल आणि पहिलीच खेप असेल, तर जास्त पैसे मोजून थेटच घ्यावं. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवा, सीट चालायच्या वाटेलगतची घ्या, दर दोन तासांनी फेरी मारायला सांगा. मार्गे जायचंच असेल तर दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर हवेत. पहिलं विमान उशिरा आलं आणि पुढचं चुकलं, तर वेगळ्या तिकिटाची जबाबदारी कुणीच घेत नाही.