ढिगातलं सेकंडहँड की हँगरवरचं व्हिंटेज?

शनिवार-रविवार जुन्या कपड्यांसाठीच राखून ठेवला असेल, तर निवडून टांगलेला माल बघायचा की ढीग उपसायचा, हे आधी ठरवलेलं बरं. एकीकडे महाग पण निवांत, दुसरीकडे स्वस्त पण दमछाक, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्या लेखी निकाल लागतो तो वासावर.

व्हिंटेज दुकानात कपड्यावर बहुधा वाफेची इस्त्री फिरलेली असते आणि वर सुगंधी फवारा. टांगलेला असताना छानच वाटतो. पण पॉलिएस्टर घामातली तेलकट द्रव्यं धरून ठेवतं. अंगाची ऊब लागली की आधीच्या मालकाचा घाम काखेतून पुन्हा उठतो. काखेची शिवण मुठीत घट्ट धरून अर्धा मिनिट गरम होऊ द्या आणि मग हुंगा. फवारा सढळ हाताने मारलेला असेल तर तेवढ्यानेही कळत नाही. माझं घोडं इथेच अडतं.

ढिगाला डांबरगोळ्यांचा वास येतो, पण तो लपत नाही. आणल्याआणल्या धुऊन तो फारसा जात नाही, कारण नॅप्थलीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मात्र साध्या तापमानालाही त्याची वाफ होत राहते. म्हणून कपडा उलटा करून वाऱ्यावर आठ-दहा दिवस टांगा, धुवा त्यानंतर.

ढिगातला खरा धोका कसरीचा. लोकरी कपडा उजेडासमोर धरला की टाचणीएवढी भोकं दिसतात. शंका आली तर हवाबंद पिशवीत घालून उणे 18 अंशांच्या फ्रीझरमध्ये 2 आठवडे ठेवा. चेन घसरत असेल पण दाते शाबूत असतील, तर नुसता रनर बदलून भागतं. रेक्झिनचं जाकीट आतून चिकट लागलं तर खाली ठेवा. दमट हवेने पॉलियुरेथेन विघटित होऊ लागलं की त्यावर इलाज नाही.

मापात हँगरवाले सरस, ट्रायल रूम असते ना. ढिगाकडे जाताना टेप न्या आणि घरच्या नीट बसणाऱ्या शर्टाचं काखेपासून काखेपर्यंतचं माप लिहून न्या. लेबलवरच्या साइझवर विसंबू नका, जुना कपडा धुऊन आटलेला असतो.

अस्तराचा कोट हवा असेल, किंवा जीन्सचं वय महत्त्वाचं असेल, तर मात्र जाणत्या व्हिंटेज दुकानदाराला जादा पैसे देणं परवडतं. लीव्हाइस जीन्सच्या खिशाजवळच्या लाल पट्टीवर कंपनीच्या नावातला मोठा (कॅपिटल) ई 1971 पर्यंतचा, हे खरं. पण जुन्या धर्तीवर नव्याने काढलेल्या जीन्सवरही तो असतो. बाकी शर्ट, स्वेटर, सुती पँटींसाठी मी ढीगच म्हणेन. फक्त सकाळी जा, ट्यूबलाइटखाली पिवळे डाग दिसत नाहीत.