टर्पेंटाइनशिवाय तैलरंग: आर्टिसनबद्दल माझं मत

घरातल्याच एखाद्या खोलीत बसून रंगवणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. कोल्हापूरच्या पावसात खिडक्या उघडता येत नाहीत, आणि बंद खोलीत टर्पेंटाइन (तैलरंग पातळ करायचं, ब्रश धुवायचं उग्र वासाचं द्रव) काढलं की डोकं धरलंच म्हणून समजा. म्हणून विन्सर अँड न्यूटनचे आर्टिसन, म्हणजे पाण्यात मिसळणारे तैलरंग, घेतले. आता घरात टर्पेंटाइन येत नाही.

हे ॲक्रिलिक नव्हेत. आतलं तेल जवसाचं आणि करडईचंच आहे, फक्त पाण्याशी जमेल असं केलेलं. त्यामुळे वाळायलाही तैलरंगाइतकाच वेळ लागतो, आषाढात तर जास्तच. नाइफने, म्हणजे रंगाच्या बोथट सुरीने, जाड लावताना काही फरक कळत नाही. पातळ करताना मात्र या प्रकारच्या रंगांचा स्वभाव ओळखावा लागतो: पाणी घातलं की रंग दुधाळ दिसतो आणि पाणी उडालं की गडद होतो. रंकाळ्याचं संध्याकाळचं पाणी रंगवताना मी छटा जरा उजळच ठेवते. पाणी फक्त पहिल्या थराला, वरच्या थरांना याच रंगांसाठी मिळणारं जवसाचं तेल.

आता धुण्याचं. पाण्याने निघतो म्हणून ब्रश थेट बेसिनमध्ये धरू नका! आमच्याकडचं सांडपाणी जयंती नाल्यात गेलं की पुढे पंचगंगाच. मी आधी ब्रश सुती चिंधीने कोरडा पुसते, बराचसा रंग तिथेच निघतो. मग बादलीतल्या थोड्या पाण्यात खळबळते. साबण अगदी शेवटी. त्या पाण्यात तुरटी फिरवून बादली रात्रभर ठेवली की गाळ तळाला बसतो. वरचं पाणी पुढच्या धुण्याला वापरायचं, गाळ वर्तमानपत्रावर वाळवून डब्यात भरायचा. चिंध्यांचा मात्र बोळा करून ठेवू नका. जवसाचं तेल वाळताना तापतं आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो, रंग पाण्यात मिसळणारा असला तरी. दोरीवर मोकळ्या पसरा.

आणि पाण्यात मिसळतो म्हणजे बिनविषारी, असं नाही. ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीआर १०८ किंवा पीवाय ३५ असेल तर ते अस्सल कॅडमियम, म्हणजे विषारी धातूचं रंगद्रव्य. मी नावापुढे ‘ह्यू’ लिहिलेल्या, म्हणजे तीच छटा दुसऱ्या रंगद्रव्याने साधलेल्या, ट्यूब घेते. लाल खालचा थर थोडा कमी झाकतो, पण माझं काम भागतं.

३७ मिलीची ट्यूब विद्यार्थ्याच्या खिशाला जड आहे. सुरुवातीला पांढरा, अल्ट्रामरीन, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएना एवढे पुरे. घरात साधे तैलरंग पडून असतील तर आधी ते संपवा. त्यांचे ब्रशही जवसाच्या तेलात खळबळून पुसले आणि मग साबणाने धुतले की स्वच्छ होतात, टर्पेंटाइन लागत नाही.