क्लिनोस्टॅट किट घेतलं आणि आठवडाभर मेथी गरगर फिरवली: ५ पैकी ३ स्टार

भाच्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं, ज्वालामुखी करणारे वर्गात आधीच चार जण, आणि २०२५ मध्ये शुभांशु शुक्लांनी स्पेस स्टेशनवर मूग आणि मेथीला मोड आणले हे ऐकल्यापासून हा पठ्ठ्या मेथीच्याच मागे लागलेला, मग मामाने खिशात हात घातला आणि ऑनलाइन हे क्लिनोस्टॅटचं, म्हणजे रोप सावकाश फिरवत ठेवणाऱ्या यंत्राचं, किट मागवलं. आत एक छोटी गिअरवाली मोटार, स्टँड, रबरी बेल्ट, चार पेट्री डिश, आगरची (बिया ठेवायच्या जेलीची) पुडी, अडॅप्टर आणि एक माहितीपत्रक. बॉक्सवर मोठ्ठ्या अक्षरात 'झिरो ग्रॅव्हिटी घरच्या घरी'.

तर पहिलं म्हणजे हे धादांत खोटंय. घरात ग्रॅव्हिटी कुठे जाणारे? अहो स्पेस स्टेशनवर पण जवळपास ९० टक्के असते, फक्त स्टेशन आणि आतलं सगळंच सतत पडत असतं म्हणून वजन लागत नाही. हे मशीन फक्त रोपाला सावकाश फिरवत राहतं, म्हणजे रोपासाठी 'खाली' कुठे हे सारखं बदलतं. मुळाच्या टोकाच्या पेशींमध्ये स्टार्चचे जड कण असतात, ते ज्या बाजूला बसतात तिकडे ऑक्सिन नावाचं हार्मोन जास्त जमतं, ती बाजू हळू वाढते, वरची जोरात, आणि मूळ खाली वळतं. फिरवत ठेवलं की कणांना एका बाजूला बसायला वेळच मिळत नाही, बास एवढंच.

आता माहितीपत्रकाची कमाल ऐका. चित्रात डिश आडवी ठेवलीये, जात्यासारखी फिरतेय. आम्ही निमूट तसंच केलं, तिसऱ्या दिवशी बघतो तर सगळी मुळं सरळ आगरमध्ये घुसलेली. भाचा म्हणे, "मामा, ही तर खालीच चाललीयेत, तू प्लग लावला होतास ना नीट?" प्लग नीटच होता, अक्कल गहाण पडली होती. जात्यासारखं कितीही फिरवा, 'खाली' तिथंच राहतं ना! डिश उभी हवी, गाडीच्या चाकासारखी. मग स्टँड आडवा पाडला, खाली दोन जुन्या डायऱ्या सरकवल्या आणि नव्याने सुरुवात. (फुकट गेलेले तीन दिवस अगदीच फुकट नाही गेले, तुलनेला म्हणून ती डिश प्रदर्शनात ठेवली, बाईंना तीच जास्त आवडली.)

डिश उभी केल्यावर पुढचा घोळ, किटमधलं आगर इतकं पातळ की बिया घसरून काठाला गोळा. किराणा दुकानातनं चायना ग्रास आणलं, घट्ट शिजवलं, काम झालं. आणि वरून काळं फडकं टाकाच, नाहीतर कोंब उजेडाकडे वळतात आणि आपण टाळ्या वाजवतो ग्रॅव्हिटीसाठी.

पण चौथ्या दिवशी फडकं काढलं तेव्हा खरंच मजा आली. शेजारी न फिरवता उभ्या ठेवलेल्या डिशमधली मुळं शिस्तीत खाली, प्रार्थनेची रांग. फिरणाऱ्या डिशमध्ये एक मूळ वर, एक तिरकं, एक बीलाच वेढा घालून बसलेलं. ज्याचं तोंड जिकडे निघालं तो तिकडे.

नॉबवर ६० फेऱ्यांची पण सेटिंग आहे, माहितीपत्रक म्हणतं याने 'जास्त झिरो ग्रॅव्हिटी' मिळते. उलटंय हो! मिनिटाला ६० फेऱ्या आणि मधल्यापासून ४ सेंटिमीटरवरचं बी, हिशोब केला तर त्याला बाहेरच्या बाजूला पृथ्वीच्या साधारण एक षष्ठांश ओढ बसते, म्हणजे जवळपास चंद्राएवढी. दोन दिवस चालवलं तर मुळं काठाकडे झुकली. १८०६ मध्ये थॉमस नाइट नावाच्या इंग्रज माणसाने पाण्याच्या चाकावर रोपं बांधून हेच दाखवलं होतं, मुळं बाहेर, कोंब आत. म्हणजे किट विकणाऱ्याच्या हातात भारी प्रयोग आहे आणि त्यालाच पत्ता नाही.

काय दिसत नाही तेही सांगतो. अवकाशात खरी डोकेदुखी पाण्याची, ते निथळतच नाही, मुळांना चिकटून बसतं आणि हवा तोडतं. अंतराळवीर स्कॉट केलींनी स्पेस स्टेशनवर सांभाळलेल्या झिनिया या फुलझाडाला दमटपणामुळे बुरशी लागली होती, तरी जानेवारी २०१६ मध्ये फूल आलंच. आमच्या डिशलाही पाचव्या दिवशी पांढरी बुरशी आली, पण ती निव्वळ न धुतलेल्या हातांमुळे.

इस्रोने डिसेंबर २०२४ च्या अखेरीस अवकाशात पाठवलेल्या क्रॉप्स प्रयोगात ८ चवळीच्या बिया होत्या, चार दिवसांत उगवल्या, मग आम्हीही चवळी लावली. लावू नका. दाणा फुगून डिशचं झाकण उचलतो आणि पंख्याखाली टकटक आवाज येत राहतो, मला वाटलं मोटार गेली.

मोटार चांगली आहे, रात्रभर चालून गरम होत नाही, स्टार त्याचेच. बेल्ट मात्र सहाव्या दिवशी सैल पडला, विक्रेत्याला दोन मेसेज टाकले, उत्तर नाही. सध्या ताईचं केसाचं रबर लावलंय, फिट बसतं. ताई ते शोधतेय.