पेंटियम जी४५६० की रायझन ३ २२००जी? दोन जुन्या प्रोसेसरांचा वापरानंतरचा अनुभव

कमी पैशांत जुना डेस्कटॉप घ्यायला निघालेल्या माणसासमोर इंटेलचा पेंटियम जी४५६० आणि एएमडीचा रायझन ३ २२००जी ही दोन नावे हमखास येतात. पहिला जानेवारी २०१७ मध्ये ६४ डॉलरला, तर दुसरा फेब्रुवारी २०१८ मध्ये ९९ डॉलरला बाजारात आला. आमच्या हिशेबाच्या कार्यालयात पेंटियमचा संगणक आहे आणि घरी, कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीसाठी घेतलेला, रायझनचा. दोन्हींवर मी अनेक महिने नियमित काम केले आहे. माझे मत आधीच सांगतो. जोडून तयार असलेला संगणक फारच स्वस्त मिळत असेल आणि काम केवळ कार्यालयीन असेल, तर पेंटियम आजही पुरतो. मात्र सुटे भाग घेऊन संगणक जुळवायचा असेल, तर २२००जी घ्यावा, आणि त्याचे मुख्य कारण त्याच्या वेगात नसून त्याच्याखालच्या मदरबोर्डात आहे.

जी४५६० गाजला तो हायपर-थ्रेडिंगमुळे. ३.५ गिगाहर्ट्झचे दोन कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) असूनही तो चार थ्रेड (कामाचे प्रवाह) चालवतो, आणि त्या किमतीच्या डेस्कटॉप पेंटियममध्ये ही सोय तोपर्यंत मिळत नव्हती. २२००जीमध्ये मात्र प्रत्यक्ष चार कोअर आहेत, त्यांचा मूळ वेग ३.५ आणि कमाल ३.७ गिगाहर्ट्झ आहे. एका वेळी एकच काम करताना, म्हणजे पत्र टंकणे, मोठी एक्सेल फाइल उघडणे किंवा बिल छापणे अशा कामांत, दोघांतला फरक मला जाणवला नाही. दोन्ही संगणकांत साटा एसएसडी आहे आणि या वयाच्या संगणकाला खरी तरतरी तिनेच येते, हे आवर्जून सांगावेसे वाटते. हार्डडिस्कवर चालणारा रायझन एसएसडीवरच्या पेंटियमपेक्षा मंद वाटेल.

फरक दिसतो तो कामे एकावर एक चढली की. महिनाअखेरीस कार्यालयात विवरणपत्रे भरताना ब्राउझरमध्ये जीएसटीचे पोर्टल उघडे असते, शेजारी हिशेबाचे सॉफ्टवेअर असते, स्कॅनरवरून कागद आत येत असतात आणि नेमके तेव्हाच अँटिव्हायरस तपासणी सुरू करतो. अशा वेळी पेंटियमचे चारही आलेख टास्क मॅनेजरमध्ये वर चिकटतात आणि टंकलेली अक्षरे पडद्यावर उमटायला क्षणभर उशीर होतो. रायझनवर याच प्रकारच्या ओझ्याखाली माऊस आणि कीबोर्ड अडखळत नाहीत. थ्रेड चार दिसले तरी जी४५६०मध्ये काम करणारे हात दोनच आहेत, ही गोष्ट अशा दिवशी कळते. व्हिडिओ पाहतानाही असेच घडते. व्हीपी९ आणि एचईव्हीसी हे व्हिडिओ दाबून पाठवण्याचे प्रकार दोन्ही प्रोसेसरांतील ग्राफिक्स स्वतः उलगडते, परंतु एव्ही१ या त्यानंतरच्या प्रकाराची सोय दोघांतही नाही. यूट्यूबने एव्ही१ पाठवला की सगळा भार कोअरवर येतो. रायझन तो झेलतो, तर पेंटियमवर मोठ्या रिझोल्यूशनला चित्र तुटू लागते आणि यूट्यूबच्या सेटिंगमध्ये जाऊन एव्ही१ टाळावा लागतो.

ग्राफिक्सच्या बाबतीत तुलनाच होत नाही. पेंटियममधील एचडी ६१० हे दोन मॉनिटर चालवण्यापुरते ठीक आहे. २२००जीमधील व्हेगा ८ हे मात्र खऱ्या उपयोगाचे ग्राफिक्स आहे, ज्यावर वेगळे कार्ड न घालता हलके गेम आणि ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमधील प्राथमिक काम होते. त्यासाठी एक अट आहे आणि ती विक्रेते सहसा सांगत नाहीत. व्हेगाला स्वतःची मेमरी नसल्यामुळे ते संगणकाच्या रॅमवर जगते. डीडीआर४-२४०० ची एकच स्टिक असेल तर रॅमची कमाल वाहतूक सेकंदाला १९.२ गिगाबाइट एवढी असते आणि दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये असतील, म्हणजे रॅम दोन चॅनेलमध्ये चालत असेल, तर ३८.४ गिगाबाइट होते. आमचा संगणक ८ जीबीच्या एकाच स्टिकसह आला होता. तशीच दुसरी स्टिक लावल्यावर पुतणीच्या गेममधील धक्के थांबले आणि ब्लेंडरमध्ये मॉडेल फिरवताना चित्र मागे राहणे बंद झाले. प्रोसेसर तोच, सेटिंग तीच, फक्त स्टिक दोन. त्याशिवाय बायोस, म्हणजे मदरबोर्डातील मूळ सॉफ्टवेअर, या ग्राफिक्ससाठी रॅमचा काही भाग बाजूला काढून ठेवतो. एकूण रॅम ८ जीबी असताना त्यातील २ जीबी अशी गेली, तर ब्राउझरची ओढाताण होते. म्हणून २२००जी घेणाऱ्याने ८ जीबीच्या दोन स्टिकचा खर्च किमतीत आधीच धरावा.

वेगळे ग्राफिक्स कार्ड घालायचे असेल तर पेंटियमची बाजू थोडी सावरते. जीटीएक्स १०५० टीआय आणि जी४५६० ही जोडी २०१७ मध्ये कमी खर्चाच्या गेमिंगसाठी सर्रास सुचवली जात असे. पण आता नवे गेम चार खरे कोअर गृहीत धरतात, त्यामुळे कार्ड रिकामे बसते आणि प्रोसेसर धापा टाकतो.

विद्यार्थ्यांसाठी पेंटियम घेणाऱ्यांनी आणखी एक उणीव लक्षात घ्यावी. जी४५६०मध्ये एव्हीएक्स, म्हणजे अनेक आकडे एकदम हाताळणारा सूचनासंच, नाही. टेन्सरफ्लो या मशीन लर्निंगच्या सॉफ्टवेअरच्या तयार आवृत्त्या २०१८ पासून हा संच गृहीत धरतात, म्हणून मशीन लर्निंगच्या अभ्यासक्रमातील पायथनचा साधा प्रयोगही पहिल्याच ओळीला बंद पडतो आणि पडद्यावर फक्त अवैध सूचनेचा संदेश दिसतो. यावर वाट काढता येते, परंतु शिकण्याच्या वयात मुलांनी त्या खटपटीत संध्याकाळ घालवावी असे मला वाटत नाही. २२००जीमध्ये एव्हीएक्स२सुद्धा आहे.

आता मदरबोर्डाचा मुद्दा. विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि विंडोज ११च्या अधिकृत यादीत हे दोन्ही प्रोसेसर नाहीत. येथवर दोघे सारखेच. पण जी४५६०च्या एच११० किंवा बी२५० बोर्डावर फार तर सातव्या पिढीचा आय७-७७००के बसतो आणि तोही त्या यादीत नाही. आठव्या पिढीचा प्रोसेसर हवा असेल तर सॉकेटचे, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेचे, नाव तेच असूनही बोर्ड बदलावा लागतो. याउलट २२००जीच्या बी४५० बोर्डावर, बायोस अद्ययावत केल्यानंतर, रायझन ५ ५६००जी बसतो. त्यात सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत, तो विंडोज ११च्या यादीत आहे आणि रॅम, पॉवर सप्लाय, कॅबिनेट यांतले काहीही बदलावे लागत नाही. जुन्या बाजारात २२००जीसाठी जे जास्त पैसे मोजावे लागतात, ते मी या दाराचे पैसे समजतो. तूर्त घरच्या संगणकावर आम्ही लिनक्स मिंट चालवतो आणि व्हेगासाठी त्यात वेगळा ड्रायव्हर घालावा लागला नाही.

खरेदीला जाताना, मग तो मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो वा गावातले दुरुस्तीचे दुकान, दोन्हींची तपासणी वेगवेगळ्या ठिकाणी करावी. रायझनच्या एएम४ सॉकेटमध्ये बसणाऱ्या प्रोसेसरच्या पिना त्याच्याच पोटाला असतात. तो उजेडात आडवा धरून पिनांच्या रांगा नजरेने तपासाव्यात, एखादी पिन वाकलेली असेल तर रांग मोडलेली दिसते. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, म्हणून तेथे झाकण उघडून सॉकेट पाहावे. रायझनचा कूलर काढण्यापूर्वी संगणक थोडा वेळ चालवून गरम करावा आणि मग बंद करून कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवत सोडवावा. दोघांमधली उष्णतावाहक पेस्ट वाळलेली असेल तर सरळ ओढल्यावर लॉक लावलेला असूनही प्रोसेसर सॉकेटमधून उपसून येतो आणि पिना तेथेच वाकतात. दुकानदार घाईने कूलर ओढू लागला तर त्याला थांबवावे आणि आधी बायोसच्या पडद्यावर रॅम कोणत्या वेगाने आणि किती चॅनेलमध्ये चालते आहे, ते दाखवायला सांगावे.