मॉड्यूलर ट्रम्पेट घ्यावं, की एक चांगलं ट्रम्पेट आणि दोन माउथपीस?

एकाच वादकानं अनेक शैली वाजवणं आपल्याकडे जुनंच आहे. गोव्यातल्या आल्दोनाचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट मुंबईच्या ताजमध्ये जॅझ वाजवत आणि हिंदी सिनेमाच्या गाण्यांतही. त्यामुळे बेल (पुढचं पसरट तोंड), लीडपाइप (माउथपीस बसतो ती पहिली नळी), ट्यूनिंग स्लाइड (सूर जुळवायची सरकती नळी) बदलता येणाऱ्या, म्हणजे मॉड्यूलर, ट्रम्पेटचा मोह पडणं साहजिक आहे. पण तुमचा सूर अजून स्थिर झाला नसेल तर ते घेऊ नका. आधी बाख कंपनीचं १८०एस३७ किंवा त्या जातीचं एक साधं, भक्कम ट्रम्पेट घ्या. बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ११.६६ मिमी, ना फार मोकळं ना फार अडणारं. सिम्फनीपासून लग्नाच्या बँडपर्यंत सगळीकडे चालतं.

आवाजात सगळ्यात मोठा फरक पडतो तो ओठांजवळ, म्हणजे माउथपीसमध्ये. बाखच्या १½सी माउथपीसचा कप (ओठ टेकतात तो पेला) सुमारे १७ मिमी रुंद, ३सीचा साधारण १६.३. पहिल्यानं ऑर्केस्ट्राला हवा तसा भरीव सूर मिळतो, दुसरा बहुतेक कामांना पुरतो. बिग बँडमध्ये (मोठ्या जॅझ वाद्यवृंदात) लीड, म्हणजे सगळ्यात वरची मुख्य ओळ, वाजवायची असेल तर शिल्के १४ए४एसारखा उथळ कप वरचे सूर टोकदार करतो आणि ओठ उशिरा थकतात. मात्र त्याच कपानं संथ गाणं वाजवा, सूर लगेच पातळ लागतो. वॉरबर्टनचे माउथपीस दोन भागांत येतात, वरचा कप आणि खालचा बॅकबोअर (हवा पुढे नेणारी दांडी) वेगवेगळा. ओठांची सवय असलेली रिम, म्हणजे कपाची कड, तीच ठेवून खालचा भाग बदलता येतो. माझ्या मते खऱ्या अर्थानं उपयोगी मॉड्यूल हेच, आणि अख्ख्या ट्रम्पेटच्या तुलनेत खर्चही किरकोळ.

त्यानंतर लीडपाइपचा क्रम. ती आतून किती निमुळती आहे ते बदललं की फुंकीला मिळणारा अडसर आणि सुरांचा नेमकेपणा बदलतो. बेलचं मात्र थोडं वेगळं आहे. पिवळ्या पितळेत साधारण ७० टक्के तांबं असतं, गोल्ड ब्रासमध्ये ८५ टक्के, आणि त्याचा सूर जरा उबदार मानतात. पातळ पत्र्याची बेल लगेच बोलते, पण जोरात फुंकलं की लवकर चरचरते. जाड बेल जोरातही सूर धरून ठेवते. हा फरक वाजवणाऱ्याला जितका जाणवतो तितका श्रोत्याला जाणवत नाही.

तरीही मॉड्यूलरच हवं असेल तर अमेरिकेतल्या दोन नावांचा विचार करा. विस्कॉन्सिनची एडवर्ड्स कंपनी ट्रॉम्बोनमधल्या याच पद्धतीसाठी ओळखली जाते. तिच्या ट्रम्पेटचा ढंग मला पारंपरिक वाटतो, म्हणून ऑर्केस्ट्राकडे कल असलेल्यानं आधी तिकडे पाहावं. हॅरलसनचा भर जड भागांवर आणि पक्क्या जोडणीवर आहे, फुंकीतली ताकद धातूच्या थरथरीत वाया जाऊ नये म्हणून. मोठ्या आवाजात, माइकसमोर, लीड वाजवणाऱ्याला ते भावेल. ज्याला हातात हलकं वाद्य लागतं त्याला नाही. दोन्हींचे सुटे भाग अमेरिकेतून मागवावे लागतात, हे बजेटमध्ये धरा. आणि जितके सांधे जास्त, तितक्या हवा गळायच्या जागा जास्त. आपल्या पावसाळी दमटपणात ते पुसून, ग्रीस लावून ठेवावेच लागतील.

काही कामं मात्र कोणतंही मॉड्यूल करत नाही. फ्ल्यूगलहॉर्न या ट्रम्पेटच्या भावंड वाद्याचा मऊपणा त्याच्या शंकूसारख्या नळीतून येतो; तो हवा असेल तर फ्ल्यूगलहॉर्नच घ्या. ऑर्केस्ट्रासाठी सी ट्रम्पेट (एक सूर वरचं) लागलं तर नेहमीच्या बी फ्लॅट ट्रम्पेटची बेल बदलून भागत नाही, तिन्ही व्हॉल्व्हच्या स्लाइडची लांबीही बदलावी लागते.

खरेदीआधी तोच माउथपीस ठेवून एका वेळी एकच भाग बदला. वाजवताना जाणकार मित्राला हॉलच्या शेवटच्या रांगेत बसवा आणि कोणता भाग लावलाय ते त्याला सांगू नका. त्याला फरक ओळखता आला नाही, तर त्या भागासाठी पैसे मोजू नका.