प्लायवूड की एमडीएफ?

घरच्या वर्कशॉपमध्ये कपाट किंवा शेल्फ करायचं, तर माझं मत सरळ प्लायवूडला. लाकडाचे पातळ थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यामुळे ते वजनाखाली सहजी वाकत नाही आणि स्क्रू घट्ट धरतं. एमडीएफ म्हणजे लाकडाचे बारीक तंतू रेझिनमध्ये, म्हणजे चिकटवणाऱ्या राळेत, दाबून केलेली शीट. तिच्या कडेत थेट स्क्रू पिळला की कड आधी फुगते, मग चिरते. ड्रिलनं बारीक भोक पाडून घेतलं तरी पकड बेताचीच. पाण्यानं फुगलेली कड तर परत बसतच नाही.

रंग द्यायचा असेल तर मात्र एमडीएफला तोड नाही. रेषा नाहीत, गाठी नाहीत, राउटरनं, म्हणजे लाकूड कोरायच्या यंत्रानं, नक्षीही स्वच्छ निघते. कापलेली कड प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा थर, पीत राहते, तिथे एखादा हात जास्त द्यावा लागतो, एवढंच. प्लायवूड कापताना वरचा थर उचकटतो. कापायच्या रेषेवर मास्किंग टेप लावली की बरंच सावरतं.

18 मिमी जाडीची 8 बाय 4 फुटांची एमडीएफ शीट साधारण 40 किलो भरते. एकट्यानं उचलायच्या फंदात पडू नका. आणि तिची धूळ! पिठाहून बारीक, त्यात रेझिनमध्ये बहुधा फॉर्मल्डिहाइड हे घातक रसायन. चांगला मास्क नसेल तर कापणं उद्यावर ढकला.