आईच्या नावाने धावलो, पैसे भलत्याच्याच खिशात गेले

आई २०२२च्या पावसाळ्यात गेली. गालाचा कॅन्सर. लहानपणापासून मशेरी लावायची. परळला टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार चालले होते तेव्हा आम्ही दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलो. आम्हाला जागा मिळाली. ज्यांना मिळत नाही ती माणसं हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर, सलाईनची सुई हातात तशीच ठेवून, झोपलेली मी रोज बघायचो.

म्हणून ‘परगावच्या कॅन्सर रुग्णांच्या राहण्या-जेवणासाठी धावा, आपल्या माणसाच्या नावाने धावा’ असा मेसेज आला तेव्हा मी पुढचं काही बघितलंच नाही. पुण्यात डिसेंबर २०२४ मध्ये शर्यत होती. नोंदणीचे १,२०० रुपये आणि शिवाय ओळखीपाळखीत देणगी जमवायची. मी गावी जाऊन, ऑफिसात फिरून ६१,४०० रुपये जमवले. आईबरोबर बाजारात भाजी विकणाऱ्या मावशीने पदराची गाठ सोडली, घामाने ओलसर झालेल्या शंभराच्या दोन नोटा काढल्या आणि म्हणाली, “आक्काच्या नावानं घाल बाबा.”

शर्यत झाली. हे मुद्दाम सांगतोय, कारण फसवणूक म्हटलं की आयोजक पळून गेले असतील असंच आपल्याला वाटतं. इथे टी-शर्ट होता, मेडल होतं, पाण्याचे स्टॉल होते, छातीवरच्या बिबवर आईचं नाव छापलेलं होतं. १० किलोमीटर पळून आलो आणि तिथेच बसून रडलो. शंका घ्यायला जागाच नव्हती.

जागा खरं तर आधी होती. क्यूआर कोड स्कॅन केला की संस्थेचं नाही, एका माणसाचं नाव यायचं. ऑफिसातल्या मित्राने ते दाखवलं. मी आयोजकांना विचारलं, तर म्हणे खजिनदारांचं खातं आहे, संस्थेचं खातं दुसऱ्या बँकेत हलवतोय. मी ते मान्य केलं आणि उलट मित्रावरच चिडलो. आईच्या नावाने चाललेल्या कामात हा पैशाचं काय विचारतो, असं मला वाटलं. त्यांचं सगळं फावलं ते इथेच.

उलगडा झाला तो मामेभावामुळे. त्याने ५,००० दिले होते आणि त्याला ८०जीची, म्हणजे देणगीवर मिळणारी आयकराची सवलत घ्यायची होती. साधी पावती मिळाली होती, पण नुसत्या पावतीवर भागत नाही. संस्थेने देणगीदारांची माहिती आयकर खात्याला कळवून ३१ मेपर्यंत प्रत्येकाला १०बीई हे प्रमाणपत्र द्यायचं असतं. जून उजाडला तरी ते आलं नाही. आयोजकांचा फोन आधी उचलला जाईना, मग बंदच झाला. पावतीवरचा नोंदणी क्रमांक धर्मादाय आयुक्तांच्या वेबसाइटवर टाकला, तर तो दुसऱ्याच जिल्ह्यातल्या एका शिक्षण मंडळाचा निघाला. तिथे फोन केला तर त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

हा क्रमांक तपासायला मला पाच मिनिटं लागली. पैसे जमवायच्या आधीही पाचच लागली असती. नोंदणी नसलेल्यांनी लोकांकडून अशी वर्गणी काढायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं दरवर्षी घेतात तीच, कलम ४१क ची. ती दाखवा म्हणालो असतो तरी बिंग फुटलं असतं. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे गेल्यावर लगेच फोन केला तरच ते खात्यात अडवता येण्याची शक्यता असते. इथे सहा महिने उलटले होते. सायबर पोलिसांनी अर्ज घेतला आहे, धर्मादाय कार्यालयातही दिला आहे.

पैशांपेक्षा जास्त धास्ती आहे ती पॅनची. ‘८०जीसाठी लागतो’ म्हणून मी सगळ्यांचे पॅन क्रमांक गोळा करून त्या लोकांच्या हवाली केले. ज्यांनी ज्यांनी दिले त्या एकेकाला फोन करून सांगितलं, आपल्या नावावर कुठलं कर्ज उघडलंय का ते क्रेडिट रिपोर्टमध्ये बघत राहा. एवढे अवघड फोन मी आई गेली तेव्हाही केले नव्हते.

मावशीला मात्र अजून सांगितलेलं नाही. भेटली की विचारते, “पोचलं का रं?” गेल्या महिन्यात दादरला जाऊन तिचे दोनशे रुपये धर्मशाळेत भरले आणि पावती तिच्या नावाची घेतली. येत्या बाजाराच्या दिवशी ती घेऊन गावी जातोय. तेव्हा सगळंच सांगेन.